नाव बदललं आहे

रविवारच्या पुरवणीत माझे सातशे शब्द असतात,
अकरा वर्षं झाली.
त्या आठवड्यात विषय सुचत नव्हता.
कूलरच्या टाकीत पाणी सोडलं होतं,
भाचीने फोन पुढे केला : मामा, ही बाई पाहा.

बाई गोळीबार चौकाच्या अंगाची. शकुन म्हणू तिला.
सहावी किमो. केस गेलेल्या टाळूवर
मेंदीचा मोर, पिसारा पार कानापर्यंत,
ओठ लालभडक, मनगटाला सलाईन,
खाली लिहिलेलं : आज मी नवरी.

मी लिहिलं. मला लिहिता येतं.
'दुःखालाही आता प्रेक्षक लागतात'
हे वाक्य तर दोनदा मोठ्याने वाचून पाहिलं.
शेवटी कंसात, सवयीने :
नाव बदललं आहे.

सोमवारी धरमपेठेत पोह्यांच्या गाडीवर
एका निवृत्त न्यायाधीशांनी तर्री न सांडता हात मिळवला.
सडेतोड, म्हणाले.
कोणीतरी बोलायलाच हवं होतं.

तिकडे गोळीबार चौकात
नावाची गरज कुणाला होती?
मोर होता ना.
सासऱ्यांनी म्हणे पेपर वाचला,
घडी घातली, गादीखाली सारला.
औषधवाल्याने गोळ्या मोजता मोजता विचारलं,
"तुमच्यावरच आलं नं ताई पेपरात?"

त्यानंतर सतरा दिवस तिने काहीच टाकलं नाही.
मी रोज बघत होतो. हे कुणाला सांगितलं नाही.
ज्या खिडकीला नावं ठेवली
तिच्याच खाली उभा,
पडदा हलतो का बघत.

माझी बायको आजारी होती तेव्हा
आम्ही गल्लीत कावीळ सांगितली होती.
मे महिन्यातही पदर डोक्यावरून घट्ट,
दूधवाल्याची सायकल वाजली की ती आतल्या खोलीत.
याला मी शालीनता म्हणत आलो.
तो शब्द त्या लेखातही आहे, तिसऱ्या परिच्छेदात.
एकदा फक्त ती म्हणाली होती,
"सरोजला तरी सांगू का?"
मी म्हणालो, कशाला.

आता लेखात एक गोष्ट खरी होती, तीही सांगतो.
फोटोत मागच्या खाटेवर एक म्हातारा झोपलेला,
तोंड उघडं, धोतर गुडघ्याच्या वर.
त्याला कुणी विचारलं होतं?
एवढ्या प्रश्नावर अख्खा लेख झाला असता.
मी त्याला अर्धी ओळ दिली,
बाकी सगळं लिपस्टिकवर खर्च केलं.
म्हाताऱ्याला न विचारता तिने घेतला,
तिला न विचारता मी.

अठराव्या दिवशी मीच तिला लिहिलं.
उत्तर रात्री पावणेतीनला आलं :
"सर, तुमचं सगळंच काही खोटं नव्हतं.
बाबाले मी फोटो दाखवला होता. ते हासले.
हासनं म्हंजे हो असते का, मले नाही मालूम.
पन तुमी इतक्या रातच्याले जागे काहून?"

काय सांगणार होतो.
कूलरची मोटार घरघरत होती,
वाळ्याचा ओला वास, पलंगाची दुसरी बाजू
अजून मी झटकून ठेवतो.

माफीचा लेख लिहायला बसलो.
शीर्षक सुचलं. इतकं चांगलं सुचलं
की कागद फाडून टाकला.

हे लिहिलेलं मात्र तिला आधी पाठवलं.
दोन ओळी काढायला लावल्या तिने. काढल्या.
एक मला आवडत होती.

नाव बदललं आहे. चौकही.
आणि तो मोर नव्हता.
काय होतं ते सांगणार नाही.